एचपी, किलोवॅट, केव्हीए, अँपिअर आणि युनिट : दहा एचपीच्या गिरणीचा पूर्ण हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरी तालुक्यात गावातच पिठाची गिरणी टाकायची आहे आणि शेजारच्या खोलीत मिरची-मसाल्याचं कांडप. गिरणीची मोटार १० एचपी, कांडपाची ३ एचपी, शिवाय ट्यूब, पंखे आणि वजनकाटा. मशीनवाला एचपीत बोलतो, महावितरणच्या अर्जात किलोवॅट विचारलेत, वायरमन म्हणतो "वीस अँपिअर धरून चाला", जनरेटरवाला म्हणतो "दहा किलोवॅट म्हणजे दहा-बारा केव्हीए, भागतंय", आणि बिल येणार युनिटमध्ये. तुम्ही १० किलोवॅट गुणिले ८ तास गुणिले २६ दिवस असं करून महिन्याला २,०८० युनिट काढलेत आणि एवढ्यात धंदा परवडेल का, अशी शंका आली आहे. कशाला कशाने गुणायचं आणि कशाने भागायचं, तेवढं सांगा, असं तुम्ही म्हणता.

गुणाकार-भागाकार सांगतोच. पण तक्ता पाठ करून तुमची अडचण सुटणार नाही, कारण तुमच्यासमोर आलेले आकडे वेगवेगळ्या जागी मोजलेले आहेत. एचपी मोजतात मोटारीच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर. बिलाला लागू होणारे किलोवॅट मोजतात मोटारीत शिरणाऱ्या तारांवर. अँपिअर आणि केव्हीए ही केबल, स्टार्टर, जनरेटर आणि डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) यांची भाषा. युनिट मीटरवर, वेळ धरून. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना वाटेत काहीतरी खर्ची पडतं, म्हणून एकाच आकड्याने गुणून सगळीकडे पोचता येत नाही. शाफ्टपासून निघून मागे मागे खांबापर्यंत चालत गेलात, की प्रत्येक ठिकाणी कशाने भागायचं ते आपोआप कळतं. तुमच्या गिरणीवरच करून दाखवतो.

शाफ्टवर

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे ०.७४६ किलोवॅट. (मेट्रिक एचपी ७३५.५ वॅटचा असतो, काही इंजिनांच्या माहितीपत्रकात तो दिसतो. विजेच्या मोटारीसाठी आपल्याकडे ७४६ च धरतात.) १० एचपी गुणिले ०.७४६ म्हणजे ७.४६ किलोवॅट. मोटारीच्या पाटीवर "७.५ किलोवॅट / १० एचपी" असं छापलेलं असतं ते याच्यामुळे, आकडा जरा गोल केलेला असतो. तसंच ३ एचपीला २.२, ५ एचपीला ३.७, साडेसात एचपीला ५.५ आणि १५ एचपीला ११ किलोवॅट.

इथेच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक होते. पाटीवरचे ७.५ किलोवॅट म्हणजे मोटार लाईनीतून ओढते ती वीज नव्हे. मोटार पूर्ण भारावर असताना शाफ्टवर, म्हणजे पुलीला, जी ताकद देते ती ७.५ किलोवॅट. मिक्सर, गीझर, इस्त्री यांच्यावर लिहिलेले वॅट हे आत जाणाऱ्या विजेचे असतात. मोटारीवर लिहिलेले बाहेर पडणाऱ्या ताकदीचे. २ किलोवॅटचा गीझर आणि २.२ किलोवॅटची मोटार यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, ते एका जातीचेच नाहीत.

दुसरी गोष्ट, पाटीवरचा आकडा ही मोटारीची मर्यादा आहे, रोजचा खुराक नाही. दहा एचपीच्या मोटारीला जात्याने सहाच एचपीचं काम दिलं, तर ती सहा एचपीचंच काम करते आणि तेवढ्याचीच वीज घेते. धान्य कोणतं, ओल किती, दगडाला टाकी कधी लावली (म्हणजे टोचून खडबडीत कधी केला), पीठ बारीक हवं की जाडं, होपरची फळी किती उघडली, यावर भार ठरतो. म्हणून "१० एचपीची गिरणी तासाला किती वीज खाते" याला एकच उत्तर नाही. वरची हद्द सांगता येते आणि मोजून खरा आकडा काढता येतो.

तारांवर

शाफ्टवर ७.५ किलोवॅट हवे असतील तर आत जास्त द्यावे लागतात, कारण मोटार तापते, पंखा फिरवते, बेअरिंगमध्ये घासते. या हिशोबाला एफिशियन्सी लागते, म्हणजे आत घेतलेल्या विजेपैकी किती टक्के शाफ्टवर पोचते तो आकडा. पाटीवर आयई-२ किंवा आयई-३ असा एफिशियन्सीचा वर्ग लिहिलेला असेल. साडेसात किलोवॅटच्या चार पोलच्या (म्हणजे साधारण १,४४० आरपीएमच्या) मोटारीला आयई-२ मध्ये एफिशियन्सी ८८.७ टक्के आणि आयई-३ मध्ये ९०.४ टक्के असते. जुनी, एकदा-दोनदा रिवाइंड झालेली मोटार घेतलीत तर याहून कमी धरा. मी पुढे ८८ टक्के धरतो.

७.५ भागिले ०.८८ म्हणजे ८.५ किलोवॅट. पूर्ण भारावर गिरणीची मोटार लाईनीतून घेईल ती ही वीज. कांडपाची छोटी मोटार थोडी कमी कार्यक्षम, ८४ टक्के धरू. २.२ भागिले ०.८४ म्हणजे २.६ किलोवॅट. ट्यूब, पंखे, काटा मिळून ०.३. तिन्ही एकदम पूर्ण भारावर आले तर बेरीज ११.४ किलोवॅट.

मग अर्जात १० किलोवॅट का येतात? कारण अर्जात जोडलेला भार मोजताना पाटीवरचे एचपी सरळ ०.७४६ ने गुणतात. १३ एचपी गुणिले ०.७४६ म्हणजे ९.७, त्यात दिवे-पंख्यांचे ०.३, झाले १०. म्हणजे अर्जातला आकडा तुमचा चुकलेला नाही; तो त्या कागदाच्या पद्धतीने बरोबर आहे. पण तोच आकडा उचलून जनरेटरला किंवा केबलला लावला की घोटाळा होतो. मीटर कमाल मागणीही नोंदवून ठेवतो, म्हणून दोन्ही मशीन एका वेळी चालवायचा विचार असेल तर मंजूर भार १२ किलोवॅट मागितलेला बरा. आजवरच्या दरपत्रकात २० किलोवॅटपर्यंतच्या लघुदाब उद्योगाला स्थिर आकार जोडणीमागे असतो आणि त्याच्या वर गेलं की केव्हीए मागणीवर. सुरक्षा ठेव मात्र भाराप्रमाणे बदलते. अर्ज भरायच्या दिवशी चालू दरपत्रक बघून घ्या.

केबलवर आणि स्टार्टरवर

आता किलोवॅटवरून केव्हीए. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठी जो करंट लागतो तो काम करत नाही, पण तारांतून ये-जा करतोच. तार तापवताना तो कामाचा करंट आहे की बिनकामाचा हे तार बघत नाही. म्हणून केबल, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर यांची क्षमता केव्हीएत सांगतात, ज्यात दोन्ही करंट आले. केव्हीएतला कामाचा हिस्सा किती ते सांगणारा आकडा म्हणजे पॉवर फॅक्टर. किलोवॅट भागिले पॉवर फॅक्टर म्हणजे केव्हीए. दहा एचपीच्या मोटारीचा पूर्ण भारावर पॉवर फॅक्टर ०.८३ च्या आसपास असतो. तीन एचपीचा ०.८ धरू.

गिरणी : ८.५ भागिले ०.८३ म्हणजे सुमारे १०.३ केव्हीए. कांडप : २.६ भागिले ०.८ म्हणजे ३.३. किरकोळ ०.३. एकूण अंदाजे १४ केव्हीए.

केव्हीएवरून अँपिअर काढताना थ्री फेजमध्ये १.७३२ विसरायचा नाही. थ्री फेजचे ४१५ व्होल्ट गुणिले १.७३२ म्हणजे ७१९, आणि १ केव्हीएचे हजार भागिले ७१९ म्हणजे १.३९. म्हणजे १ केव्हीएला १.३९ अँपिअर, हा एकच आकडा लक्षात ठेवलात तर अर्धं काम झालं. गिरणीला १०.३ गुणिले १.३९ म्हणजे १४.३ अँपिअर, कांडपाला ४.६, सगळे मिळून एकोणीस-साडेएकोणीस. तुमच्या वायरमनचे "वीस अँपिअर" बरोबर आहेत. त्याने गुणाकार केला नसेल, थ्री फेजला एचपीमागे दीड अँपिअर हा कामावरचा आडाखा लावला असेल; १३ एचपीला साडेएकोणीस येतात. आडाखा चांगला आहे, फक्त तो ४१५ व्होल्ट आणि थ्री फेजपुरताच. सिंगल फेजला एचपीमागे सहा-सात अँपिअर जातात. गीझर-शेगडीसारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूला २३० व्होल्टवर किलोवॅटमागे ४.३५.

हाच १.३९ चा गुणक गावातल्या डीपीलाही चालतो. डीपीवर १०० केव्हीए लिहिलं असेल तर तिच्यातून फेजमागे १३९ अँपिअर निघतात, ६३ केव्हीए असेल तर साधारण ८८. तुमचे वीस अँपिअर त्यात बसतात का, हे आधीचा भार किती आहे त्यावर. आणि जोडणी गावठाण फीडरवरच (वस्तीला वीज देणाऱ्या लाईनीवरच) मिळेल हे आधी पक्कं करा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीपाळीने मिळते, त्यावर गिरणी चालत नाही.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण मोटारी जळतात त्या याच्यावरून. दहा एचपीला स्टार-डेल्टा स्टार्टर लागेल, म्हणजे मोटार आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा. बहुतेक तयार स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (जादा करंट आला की मोटार बंद करणारा) मेन लाईनीत नसून मोटारीच्या वाइंडिंगकडे जाणाऱ्या तारांत असतो. डेल्टात त्या तारांतून लाईन करंटच्या ५८ टक्केच करंट जातो. १४.३ गुणिले ०.५८ म्हणजे ८.३ अँपिअर. रिलेची चकती ८.३ वर हवी. पाटीवर १४ वाचून चकती १४ वर ठेवली, तर मोटारीवर दीडपट भार आला तरी रिले ढिम्म हलणार नाही आणि वाइंडिंगचा वास आल्यावरच कळेल. स्टार्टरचं झाकण उघडून, मेन बंद करून, रिलेला आलेली तार कुठून आली ते वायरमनकडून बघून घ्या. मेन कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या मुख्य चुंबकी स्विचच्या) पुढे असेल तर ५८ टक्के, सगळ्यांच्या आधी लाईनीत असेल तर पूर्ण. याच हिशोबाने स्टार्टर ते मोटार सहा तारांना २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार पुरते, कारण प्रत्येकीत आठ-साडेआठ अँपिअरच आहेत. मीटरपासून स्टार्टरपर्यंतच्या केबलचं मात्र अंतरावर ठरेल.

संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की काय होतं तेही यातूनच कळतं. जात्याला ताकद तेवढीच हवी असते. ४१५ च्या जागी ३६० व्होल्ट आले की मोटार करंट वाढवून ती भरून काढते. १४.३ चे साडेसोळा होतात आणि रिले पडतो. अशा वेळी चकती वर सरकवायची नाही, होपरची फळी थोडी ओढून धान्य कमी सोडायचं. एक फेज गेली आणि मोटार दोनवर चालत राहिली, तर उरलेल्या तारांतला करंट सुमारे पावणेदोन पट होतो. त्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवाच.

अँपिअर बघून वीज मोजण्यातला धोका

टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून अँपिअर मोजायचं यंत्र) हातात आला की लोक लगेच अँपिअरवरून किलोवॅट काढतात. पूर्ण भारावर ते बऱ्यापैकी जमतं, हलक्या भारावर साफ चुकतं. दहा एचपीची मोटार पट्टा काढून नुसती फिरवली तरी सहाएक अँपिअर दाखवेल. सहा गुणिले ७१९ म्हणजे ४.३ केव्हीए. त्याला ०.८३ ने गुणलं तर साडेतीन किलोवॅट येतात आणि माणूस घाबरतो, मोटार रिकामी एवढी खाते म्हणून. पण रिकाम्या मोटारीचा पॉवर फॅक्टर ०.८३ नसतोच, तो ०.१५ च्या आसपास उतरलेला असतो. खरे किलोवॅट ०.६५. त्या सहा अँपिअरमधला बहुतेक करंट चुंबकीय. पाटीवरचा पॉवर फॅक्टर फक्त पूर्ण भाराचा असतो, हे विसरू नका.

हा बिनकामाचा करंट जवळच पुरवायला कपॅसिटर लावतात. त्याचं माप केव्हीएआर. गिरणीच्या ८.५ किलोवॅटला पॉवर फॅक्टर ०.८३ वरून ०.९५ वर न्यायला साधारण ३ केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो. केव्हीए १०.३ वरून ९ वर येतात, अँपिअर १४.३ वरून साडेबारावर. किलोवॅट तेवढेच राहतात, म्हणून तुमचं बिल साध्या युनिटवर असेल तर कपॅसिटरने बिल अर्धं होईल असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. फायदा केबल, व्होल्टेज आणि जनरेटरला आहे. स्टार-डेल्टाच्या मोटारीच्या टर्मिनलवर कपॅसिटर जोडायचा नाही. तो लाईनीच्या बाजूला, स्वतःच्या कॉन्टॅक्टरमधून. बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, म्हणून लगेच हात घालायचा नाही. व्हीएफडी (मोटारीचा वेग हळूहळू वाढवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावणार असाल तर त्याच्या पुढच्या, मोटारीकडच्या बाजूला कपॅसिटर अजिबात नको.

जनरेटर

जनरेटरवर केव्हीए लिहिलेले असतात आणि ते सहसा ०.८ पॉवर फॅक्टर धरून. १५ केव्हीए म्हणजे १२ किलोवॅट. तुम्हाला सांगितलेला "दहा किलोवॅट म्हणजे दहा-बारा केव्हीए" हा हिशोब दोन ठिकाणी फसतो. एक, दहा किलोवॅट शाफ्टवरचे आहेत, तारांवर ११.४ आहेत आणि केव्हीएत १४. दोन, मोटार सुरू होताना काय होतं हे त्यात धरलेलंच नाही.

डीओएल, म्हणजे मोटार सरळ लाईनीवर टाकणाऱ्या, स्टार्टरने सुरू केलेली मोटार पहिले काही सेकंद पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट घेते. १०.३ च्या सहापट म्हणजे बासष्ट केव्हीए. स्टार-डेल्टात तो एक तृतीयांश होतो, म्हणजे वीस-एकवीस. पंधरा केव्हीएच्या जनरेटरवर स्टार्ट दाबताच व्होल्टेज खाली बसेल, स्टार्टरचा कॉन्टॅक्टर सुटेल, पुन्हा लागेल, पुन्हा सुटेल. त्या खडखडाटात कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात.

माझं मत असं. दोन्ही मशीन जनरेटरवर चालवायचा हट्ट सोडा. फक्त गिरणी चालवायची असेल तर स्टार-डेल्टासकट २० केव्हीए चालेल, पण जातं रिकामं, दगड सुटे, फळी बंद ठेवूनच सुरू करायचं आणि वेग आल्यावर स्टारमधून डेल्टात जायचं. दोन्ही चालवायची असतील तर २५ केव्हीए, आणि आधी मोठी मोटार, ती स्थिरावली की छोटी. व्हीएफडी लावलात तर सुरुवातीचा झटकाच नाहीसा होतो आणि गिरणी १५ केव्हीएवर निघते. मग व्हीएफडीची किंमत आणि मोठ्या जनरेटरचा जादा पैसा यांची तुलना करा. आणि "पुढे वाढवू" म्हणून ४० केव्हीए घेऊ नका. डिझेल इंजिन सतत क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली चाललं की नीट तापत नाही, काजळी धरतं, सायलेन्सरमधून ओलसर तेल येऊ लागतं. गावात वीज किती वेळ जाते यावर हा सगळा निर्णय आहे. रोज अर्धा तास जात असेल तर जनरेटरच नको, दळण पुढेमागे करा.

मीटरवर

किलोवॅट आणि युनिट यांचा घोळ सगळ्यात जास्त, म्हणून तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. गिरणी ताशी किती किलो दळते हा झाला तिचा वेग, आणि संध्याकाळी किती पोती दळून निघाली हे झालं काम. किलोवॅट हा वेग आहे, युनिट हे काम. १ किलोवॅटचा भार १ तास चालला की १ युनिट. म्हणून "ताशी किलोवॅट" म्हणणं चूक. किलोवॅटमध्ये वेळ आधीच मुरलेली आहे. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातला एक संच २१० मेगावॅटचा, तिन्ही मिळून ६३० मेगावॅट, हा वेग झाला. एक संच पूर्ण भारावर २४ तास चालला तर ५०.४ लाख युनिट, हे काम झालं. मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट, आणि बातम्यांत येणारं दशलक्ष युनिट म्हणजे दहा लाख युनिट.

आता तुमचे २,०८० युनिट. तुम्ही अर्जातल्या भाराला दुकान उघडं असण्याच्या तासांनी गुणलंत. पण मोटार आठही तास पूर्ण भारावर नसते. समजा आठ तासांतले पाच तास दळण चालतं आणि भार सरासरी ७० टक्के. शाफ्टवर ५.२५ किलोवॅट, ते भागिले ०.८८ म्हणजे ६ किलोवॅट, गुणिले पाच तास, ३० युनिट. कांडप दोन तास, २.६ गुणिले २, म्हणजे सव्वापाच युनिट. दिवे-पंखे दहा तास, ३ युनिट. दिवसाला सुमारे ३८, सव्वीस दिवसांचे हजाराच्या जवळ. तुमच्या आकड्याच्या निम्मं. उन्हाळ्यात मसाल्याच्या हंगामात कांडप दिवसभर चालेल तेव्हा यात भर पडेल, पावसाळ्यात कमी होईल. माझे पाच तास आणि ७० टक्के हे गृहीतच आहेत. तुमच्या गावाची गिऱ्हाइकी तुम्हाला माहीत.

गृहीतावर राहायचं नसेल तर मोजा, फार सोपं आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी "३२०० इम्प / केडब्ल्यूएच" किंवा असाच काही आकडा छापलेला असतो. म्हणजे एका युनिटला तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. घरची बाकी सगळी उपकरणं बंद करून फक्त १ एचपीचा पाण्याचा पंप चालू करा आणि मोबाईलच्या घड्याळावर दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते बघा. पहिली लुकलुक "शून्य" म्हणून मोजायची. हिशोब असा : लुकलुकी गुणिले ३,६०० भागिले (मीटरचा आकडा गुणिले सेकंद). दहा लुकलुकींना दहा सेकंद लागले तर ३६,००० भागिले ३२,००० म्हणजे १.१२५ किलोवॅट. पंपावर १ एचपी, म्हणजे ०.७४६ किलोवॅट लिहिलंय आणि मीटर दाखवतोय १.१२५. मीटर खोटा नाही. छोट्या सिंगल फेज मोटारीची एफिशियन्सी दोन तृतीयांशच असते, तेवढंच यातून दिसतं. गिरणीच्या थ्री फेज मीटरवर हा आकडा वेगळा असेल, छापलेला वाचून तोच घ्या. दिवा फार भरभर लुकलुकत असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून संथ करून मोजा.

याहून उपयोगाचं माप म्हणजे क्विंटलमागे युनिट. दळण सुरू करायच्या आधी मीटरचं रीडिंग लिहा, एक क्विंटल गहू दळा, पुन्हा लिहा. बाजरी, हरभरा डाळ, मिरची यांचं वेगवेगळं काढा. दळणाचा दर ठरवताना हाच आकडा हातात असायला हवा. आणि दोन महिन्यांनी त्याच गव्हाला युनिट वाढलेले दिसले, तर बहुतेक वेळा दगडाला टाकी लावायची वेळ झालेली असते किंवा पट्टा घसरतोय.

पहिलं बिल आलं की मागील आणि चालू रीडिंगच्या शेजारी "गुणक अवयव" बघा. तुमच्या भाराला मीटर सरळ जोडलेला असेल तर तो १ असतो. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लावलेल्या मोठ्या जोडणीत तो १ पेक्षा जास्त असतो आणि रीडिंगचा फरक त्याने गुणूनच युनिट निघतात. आणि शेजारच्या शेतकऱ्याचं बिल बघून गोंधळू नका. विनामीटर शेतीपंपाचं बिल एचपीवर असतं, युनिटवर नाही.

सोलर आणि इन्व्हर्टर

तुम्ही जाता जाता छपरावर सोलरचंही विचारलंय. पॅनलचे किलोवॅट हे ठरावीक कडक उन्हातले आणि २५ अंश तापमानाला मोजलेले, म्हणजे वरची हद्द. आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, पावसाळ्यात कमी. दिवसाचे ३८ युनिट भागायला साडेनऊ-दहा किलोवॅट लागतील. योगायोगाने हा आकडा अर्जातल्या भाराएवढाच आला आहे, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

बॅटरीवर अँपिअर-अवर लिहिलेले असतात, त्यात व्होल्टेज धरल्याशिवाय वीज कळत नाही. १५० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॅट-अवर, म्हणजे १.८ युनिट, आणि प्रत्यक्षात हाती त्याहून कमी. ट्यूब-पंखे आणि काट्यासाठी तो चालतो, मोटारीचं नाव काढू नका.

नवीन मोटार आली की तिच्या पाटीवरचे अँपिअर, एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर, आणि खांबापासून गिरणीपर्यंतचं अंतर इथे लिहा. वरचे ०.८८ आणि ०.८३ काढून तिथे तुमचे आकडे घालू, आणि केबलचं माप तेव्हाच नक्की करू. त्याआधी केबल विकत घेऊ नका.